एकोणीस राजीनामे

अकरा महिने चार दिवस. शिक्केबाईंनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत नाकावर चढवला आणि आकडा पुन्हा वाचला. आकडा काही बदलला नाही. कामगार कार्यालयाला आज पाच वाजेपर्यंत पाठवायच्या उत्तराचा हा मसुदा अध्यक्षांनी स्वतः तयार केला होता आणि सकाळी शिक्केबाईंच्या टेबलावर, त्यांच्याच पेनस्टँडखाली दाबून ठेवला होता. डावीकडे संस्थेतल्या चौदा माणसांची नावं, उजवीकडे एक रकाना : सलग सेवा. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चौदा वेळा तेच, अकरा महिने चार दिवस. पहिल्या झटक्याला त्यांना हसूच आलं. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, पण टंकताना एकाची नक्कल तेरा जणांवर चिकटवली आणि सुटला. चुका पकडण्यात शिक्केबाईंचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी लाल पेन उचललं, स्वतःच्या नावासमोर सव्वीस वर्षं लिहायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात पानाच्या तळाची बारीक ओळ दिसली. आधार : कर्मचाऱ्यांचे दरवर्षी मंजूर झालेले राजीनामे, कार्यालयीन नोंदीनुसार. लाल पेन तिथेच थांबलं. कार्यालयीन नोंदी म्हणजे त्यांच्या नोंदी. त्या इमारतीत दुसऱ्या कुणी कधी नोंद म्हणून केलेलीच नव्हती.

खालून हातोडीचा आवाज येत होता. ही संस्था बूट बनवायची. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, ज्यांचं पाऊल आत वळलेलं, ज्यांना अपघातानंतर अर्धाच तळवा उरलेला, अशांचे बूट; प्रत्येक जोडीतला डावा वेगळा, उजवा वेगळा. तळमजल्यावर कारखाना, मधल्या मजल्यावर मापं घ्यायची खोली, सगळ्यात वर कार्यालय, आणि कार्यालयात जिन्याच्या तोंडाशीच शिक्केबाईंचं टेबल. कॉर्कचा, चामड्याचा आणि रासायनिक डिंकाचा वास बावीस पायऱ्या चढून त्यांच्यापर्यंत रोज येई. त्या डिंकापायीच सगळं सुरू झालं होतं. बुटांच्या उंच टाचा कॉर्कचे थर चिकटवून घडवणारे टाचकाका गेल्या पावसाळ्यापासून उजव्या हातातल्या वस्तू पाडायला लागले. आधी कात्री, मग चहाचा कप. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं की वर्षानुवर्षं डिंकाच्या वाफेत राहून बोटांच्या नसा बधिर झाल्यात, तीन महिने पूर्ण विश्रांती, नंतर हलकं काम. डॉक्टर कायद्याला धरून वागणारे निघाले. कागदाची एक प्रत त्यांनी कामगार कार्यालयालाही धाडली. कार्यालयाने सगळ्यांच्या सेवेचा तपशील मागवला. नियम सरळ होता. माणसाची सलग नोकरी वर्षाच्या वर असेल तर कामातून आलेल्या आजारासाठी त्याला रजा द्यायची, उपचार करायचे, त्याची जागा त्याच्यासाठी राखायची. वर्षाच्या आत असेल तर यातलं काहीच संस्थेवर बंधनकारक नाही. एकोणीस वर्षं टाचा घडवणाऱ्या माणसाची नोकरी आता सव्वीस दिवसांनी कमी पडत होती.

नियम त्यांना पाठ होता. असे नियम त्यांना चिक्कार पाठ होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता, उगीच खोटं कशाला बोला. नोंदणीचं नूतनीकरण, वार्षिक अहवाल, विश्वस्तांच्या सभेची सूचना एकवीस दिवस आधी. सव्वीस वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. मुलगी चिडवायची, “आई, तू आवकजावकमध्ये नोंद केल्याशिवाय पाहुण्यालाही घरात घेत नाहीस.” शिक्केबाई हे नावही कारखान्यातूनच वर आलं, आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. वडील टपाल कचेरीत शिक्के मारायचे. लहानपणी शाळा सुटली की त्या त्यांच्या स्टुलाशेजारी बसून तो ताल ऐकत, शाईत एक, पाकिटावर एक, शाईत एक, पाकिटावर एक, आणि मूड चांगला असला तर वडील मुलीच्या मनगटावर त्या दिवसाची तारीख उमटवून देत. “आज तू नक्की होतीस, याचा पुरावा,” म्हणत. ती तारीख आंघोळीत पुसू नये म्हणून एक हात बादलीबाहेर ठेवणारी ती मुलगी आता पन्नाशी ओलांडून बसली होती, आणि तिच्याच शिक्क्यांनी चौदा माणसं वर्षभरापूर्वी इथे नव्हतीच असं सिद्ध होत होतं.

राजीनाम्यांची कल्पना ताईंची. ताईंनीच संस्था काढली, स्वतःच्या आखूड पायासाठी बूट मिळेना म्हणून. त्यांचं म्हणणं असं की चांगलं काम करणारी माणसं चांगुलपणाच्या ओझ्याखाली अडकून पडतात, सोडून जायची त्यांना लाज वाटते, आणि मग ती मनातल्या मनात कुढतात. म्हणून संस्थेच्या वाढदिवशी दुपारी बाराला प्रत्येकाने राजीनामा द्यायचा. खराखुरा, स्वतःच्या हाताने लिहिलेला. रिव्हेटच्या रिकाम्या निळ्या डब्यात तो टाकायचा आणि एक तास मोकळं व्हायचं. त्या तासात कुणी कुणाचं साहेब नाही, कुणी कुणाचं नोकर नाही. फाटक उघडं. एक वाजता ज्याला वाटेल त्याने परत कामावर यायचं, ज्याला वाटणार नाही त्याने जायचं; का म्हणून विचारायचं नाही. एका वर्षी शिलाई यंत्रावरचा माणूस त्या तासात खरोखर निघून गेला. ताईंनी फाटकापर्यंत जाऊन त्याला हात हलवला, आणि त्यानंतर त्या तासाला सगळे जास्तच मान देऊ लागले. असं काही दुसऱ्या कुठल्या कचेरीत कुणाला सुचलं नसतं. इथे सुचलं, कारण इथे कुणाला आपण नोकरी करतो असं वाटतच नसे. ताई गेल्या त्याला सहा वर्षं झाली तरी निळा डबा दर वर्षी निघत होता.

आणि दर वर्षी त्या मोकळ्या तासात सगळे अंगणात पाय पसरून बसलेले असताना शिक्केबाई डबा घेऊन वर येत. पहिल्या वर्षी त्या नव्या होत्या, चोवीस-पंचवीसच्या. कागद आला आणि त्याची नोंद नाही, हे त्यांना बघवेना. आवक क्रमांक घातले, वेळ घातली, पण नुसता क्रमांक घातलेला कागद त्यांना अर्धा कपडा घातलेल्या माणसासारखा वाटे. कार्यालयात शिक्के होते दोनच, बुटांच्या अर्जांसाठी करून घेतलेले : मंजूर आणि नामंजूर. इतक्या मनापासून लिहिलेल्या पत्रांवर नामंजूर मारणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी मंजूर मारलं. बस, एवढंच. ना कुणाला विचारलं, ना कुणी सांगितलं. ताईंनी ते कधी पाहिलं की नाही कोण जाणे. पुढे ती रीतच पडली. तेव्हा हात दोन इंच उजवीकडे गेला असता आणि दुसरा शिक्का उचलला असता, तर आज टाचकाकांच्या नावावर एकोणीस वर्षं शाबूत असती. पोरवयातली मापात न बसणारी एक सभ्यता, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या बोटांनी भरायची.

त्यांनी कपाट उघडून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. हा डबा नाहीसा झाला तर? खाली मागच्या दारी चामड्याच्या कातरणीचं पिंप भरलं होतं, दुपारी गाडी येऊन ते घेऊन जाणार होती. कातरणीखाली राजीनामे कोण शोधतंय. आवकजावक वहीवर चहा सांडू शकतो. इतक्या वर्षांत सांडला नाही हेच नवल. डबा काखोटीला मारून, मसुदा आणि वही हातात घेऊन त्या जिना उतरू लागल्या आणि पहिल्या दहा पायऱ्या तरी त्यांच्या मनात पाप होतं, नाही म्हणायला नको. अकराव्या पायरीवर त्यांना वडिलांची ती संध्याकाळ आठवली. शिक्क्यातली तारीख बदलायची राहिली आणि तीस पाकिटांवर आदल्या दिवसाची तारीख पडली. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. वडिलांनी तीसच्या तीस पाकिटांवर हाताने लिहिलं की तारीख चुकली आहे, चूक माझी, आणि प्रत्येकावर पूर्ण सही केली. शेजारी बसलेली मुलगी भूक लागली म्हणून भुणभुणत होती. “चूक खोडायची नसते गं,” ते मान वर न करता म्हणाले होते, “खाली सही करायची असते.” शिक्केबाई पिंपाकडे वळल्याच नाहीत. डबा तसाच काखेत धरून त्या कारखान्यात गेल्या.

टाचकाका आपल्या बाकावर बसून डाव्या हाताने कॉर्क घासत होते. उजवा हात मांडीवर पडलेला, पाळलेल्या पण न ऐकणाऱ्या जनावरासारखा. समोर एका लहान मुलीचा बूट होता, चार बोटं उंच टाचेचा.

“विश्रांती सांगितली आहे ना डॉक्टरांनी?” शिक्केबाई म्हणाल्या.

“डाव्या हाताला नाही सांगितली.” त्यांनी घासलेली टाच डोळ्यांसमोर धरली. “वाकडी आहे. एकोणीस वर्षांत अशी टाच मी कुत्र्यासमोरसुद्धा टाकली नसती.” मग त्यांची नजर डब्यावर गेली. “अहो, वाढदिवसाला अजून वेळ आहे. आजच बाहेर काढलात?”

“काम होतं.”

“बरं झालं आणलात.” त्यांनी बाकाच्या खणातून घडी घातलेला कागद काढला. “यंदाचा आधीच लिहून ठेवलाय. महिन्याभराने डावाही चालेल न चालेल.” अक्षरं पहिलीतल्या पोराने काढावीत तशी, ओळ चढावर गेलेली. शिक्केबाईंनी तो तिथेच वाचला. दर वर्षी टाचकाकांच्या राजीनाम्यात एखादी गंमत असायची, टाचांना माझा नमस्कार सांगा, नाहीतर चहात साखर कमी टाकणाऱ्याला कंटाळून जात आहे, असलं काहीतरी. यंदा एकच ओळ होती. माझ्याच्याने आता होत नाही, मला मोकळं करा.

“हा खरा आहे?”

“हो.” ते बुटाकडे बघत राहिले. “ताईंचं बरोबर होतं. अडकून पडू नये. तुम्ही सगळी मला काढणार नाही, मला ठाऊक आहे. मग मी इथे बसून तुमच्या जिवाला घोर. त्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं, नाही का?”

तुम्ही सगळी मला काढणार नाही. शिक्केबाईंच्या हातातला मसुदा त्यांना एकदम जड वाटला. राजीनामा डब्यात न टाकता त्यांनी आपल्या वहीत ठेवला आणि म्हणाल्या, “संध्याकाळी सांगते. तोवर घासू नका.”

जिना चढताना त्या स्वतःवर संतापल्या होत्या, आणि संताप आला की त्यांचं डोकं नेहमीच लख्ख चालायचं. टेबलाशी बसून त्यांनी आवकजावक वह्या काढल्या. पुरावा आपला, वही आपली, मग तिच्यात काय काय लिहिलंय ते आधी आपणच नीट वाचायला नको का? मागच्या वर्षीचं पान. आवक एक, कार्यालयीन सचिव, म्हणजे त्या स्वतः, वेळ बारा दहा, मंजूर. आवक दोन, मापं घेणारी, बारा बारा. आवक नऊ, टाचकाका, बारा पंचवीस, मंजूर. त्याच्या आधीच्या वर्षीही तसंच. त्याच्या आधीच्याही. पहिला क्रमांक दर वेळी त्यांचाच, कारण शिस्त स्वतःपासून सुरू करायची ही त्यांची हौस. बोट पानावरून खाली जाता जाता मधेच थांबलं. त्या पुन्हा वर गेल्या. बारा दहा. बारा पंचवीस. त्यांनी हळूच वही मिटली, पुन्हा उघडली. छातीत धडधडत होतं, पण ते भीतीचं नव्हतं. लहानपणी मनगटावर शाई उमटायची त्या क्षणाची ती धडधड होती.

चार वाजता अध्यक्ष आले. सोबत वकीलबाई होत्या, कामगार न्यायालयात आयुष्य घालवून आता संस्थेला फुकट सल्ला देणाऱ्या, सतत पेपरमिंट चघळणाऱ्या. अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नव्हते. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा छप्पर गळत होतं, ते त्यांनीच नीट करून घेतलं. पण मोठ्या कंपनीत राहून त्यांना धोका आधी दिसायचा आणि माणूस नंतर.

“सही झाली का?” अध्यक्षांनी विचारलं. “पाचच्या आत गेलं पाहिजे.”

“नाही झाली. हे खोटं आहे.”

“खोटं?” अध्यक्ष शांतपणे बसले. “बाई, मी एक अक्षर मनाने लिहिलेलं नाही. राजीनामे आहेत, मंजुरी आहे, क्रमांक आहेत, तुमचा शिक्का आहे. इतके चोख कागद मी कंपनीतही पाहिले नाहीत. टाचकाकांचं मलाही वाईट वाटतं. पण सगळ्यांची सेवा सलग धरली तर पुढचा प्रश्न येईल की इतकी वर्षं यांना नेमणूकपत्रं का नाहीत, रजांचे हक्क का नाहीत. चौकशी लागेल. नोंदणी जाऊ शकते. मग बूट कोण करणार?”

“तो प्रश्न बरोबरच आहे,” शिक्केबाई म्हणाल्या. “तो येऊ दे. पण आधी मला एक सांगा. माझा राजीनामा मंजूर झाला की मी संस्थेची कोण?”

“कुणीच नाही. तासाभराने परत रुजू होईपर्यंत.”

“मग हे बघा.” त्यांनी वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. “बारा दहाला माझा मंजूर. दर वर्षी पहिला माझाच. बारा पंचवीसला टाचकाकांचा मंजूर. तो कुणी केला? रस्त्यावरून आलेल्या एका बाईने, जिचा संस्थेशी पंधरा मिनिटांपूर्वी संबंध संपला होता.”

अध्यक्षांनी पान पाहिलं. वकीलबाईंचं चघळणं थांबलं.

“आणि माझा स्वतःचा?” शिक्केबाई पुढे बोलत राहिल्या. “तो मीच मंजूर केला. आपलाच राजीनामा आपणच मंजूर करायचा, असं कुठल्या कंपनीत चालतं? म्हणजे तोही झाला नाही. आता म्हणाल, झाला नाही तर बारा पंचवीसला मी नोकरीत होते. होते. पण सचिवाला राजीनामा मंजूर करायचा अधिकार संस्थेच्या घटनेत नाही, तो अध्यक्षांचा आहे, कलम अकरा. ताईंपासून तुमच्यापर्यंत कुठल्याच अध्यक्षाने यातल्या एकाही कागदावर सही केलेली नाही. इकडून या नाहीतर तिकडून या, शिक्का फुकटचा आहे.”

वकीलबाई खो खो हसल्या. “सव्वीस वर्षं हिने हवेवर शिक्के मारले,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या. “साहेब, हा मसुदा घेऊन तुम्ही समोर गेलात तर पहिल्या तारखेलाच उलटे पडाल. न स्वीकारलेला राजीनामा, आणि माणूस एक वाजता कामावर हजर. यालाच सलग सेवा म्हणतात.”

“पण तुम्हाला कळतंय का,” अध्यक्ष शिक्केबाईंकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात खरंच काळजी होती, “हे लिहून द्यायचं म्हणजे तुमचं इतक्या वर्षांचं काम बेकायदा होतं असं तुम्हीच सांगायचं. चौकशीत पहिल्यांदा तुम्हालाच उभं करतील.”

कळत होतं. शिक्केबाईंना ताईंचाही विचार येत होता. तो मोकळा तास, अंगणातलं ऊन, फाटकाशी हलणारा हात. इतकी सुंदर गोष्ट, आणि तिच्या पोटात माणसाचे हक्क दर वर्षी हळूच पुसले जाण्याची सोय बसलेली होती, ताईंनाही न कळता. आता तो तास पुन्हा यायचा नव्हता. त्याचं त्यांना रडू येण्याइतकं वाईट वाटलं. पण त्यांनी पेन उचललं. त्यांनी मसुद्यावर रेघ न मारता तो बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि चौदा नावांसमोर चौदा वेगवेगळे आकडे लिहिले. टाचकाका, एकोणीस वर्षं दोन महिने. खाली लिहिलं की राजीनाम्यांवरील मंजुरीचे शिक्के मी कुठल्याही अधिकाराशिवाय मारले, चूक माझी, आणि पूर्ण सही केली. नेमणूकपत्रं तीस दिवसांत देत आहोत, हे वाक्य वकीलबाईंनी सांगितलं. अध्यक्षांनी ते तीनदा वाचलं. खिडकीबाहेर कातरणीची गाडी आली, पिंप उलटं झाल्याचा आवाज आला, गाडी गेली. मग अध्यक्षांनी सही केली.

“आणखी एक सही,” शिक्केबाई म्हणाल्या आणि वहीतून टाचकाकांचा कागद काढला. “यंदाचा. हा खरा आहे. आजारपणात, मनाचा धीर सुटून दिलेला. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, कलम अकरा.” या वेळी शिक्क्याला हात न लावता त्या थांबल्या. अध्यक्षांनी ती चढावर गेलेली ओळ वाचली. मग कडेला एक शब्द लिहून सही केली.

दुसरा शिक्का खणाच्या तळाशी होता. ताईंनी बुटाचा एकही अर्ज कधी नाकारला नव्हता, त्यामुळे त्याचं रबर कोरं आणि दगडासारखं कडक झालेलं. शिक्केबाईंनी तो दोनदा शाईत बुडवला, दोन्ही हातांनी दाबला.

टाचकाका सांगितल्याप्रमाणे न घासता बसले होते. लहान मुलीचा वाकडा बूट मांडीवर. कागद त्यांनी डाव्या हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“नामंजूर,” त्यांनी वाचलं. “असा पण शिक्का आहे आपल्याकडे?”

“आहे.”

“मग उद्या यायचं?”

“उद्या नाही. तीन महिन्यांनी. तुम्ही रजेवर आहात, आणि जागा तुमचीच आहे.” शिक्केबाईंनी त्यांच्या मांडीवरचा बूट उचलला. “आणि हा करायला कुणाला शिकवायचं ते आल्यावर ठरवा. हात नसला तरी डोळा आहे. वाकडी टाच तुम्हालाच दिसली ना?”

टाचकाकांनी मान हलवली. कागदाची घडी घालायला त्यांना दोन हात हवे होते. उजवा त्यांनी डाव्याने उचलून बाकावर ठेवला, त्याखाली कागद दाबून धरला आणि सावकाश, कडेला कड जुळवून, घडी घातली. बधिर तळव्याला लागलेली ओली शाई त्यांना कळलीच नाही. शिक्केबाईंना दिसली, त्यांनी ती पुसली नाही.